डोळे मिटलेला देव आणि सटवाप्पाची सुरी

नेकनूरच्या बाजारात सटवाप्पा एकदा एका म्हशीला तिचा धर्म समजावून सांगत उभा होता. बाजार भरताना त्यानं सुरुवात केली आणि बाजार उठला तरी चालूच. म्हैस विकायला आणलेली. धार काढताना लाथ मारते म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. सटवाप्पा तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणत होता, "बाई, इस्तवाचा धर्म पोळणं. पाण्याचा धर्म भिजवणं. तुझा धर्म पान्हा सोडणं. लाथ मारणं हा गाढवाचा धर्म हाय. दुसऱ्याचा धर्म तू कावून घ्यावा?"

त्या दिवसापासून म्हशीनं लाथ मारली नाही, असं पंचक्रोशीत अजून सांगतात. मी तिथं होतो. त्या दिवशी तिनं मारली नाही एवढं खरं. ती उभ्या उभ्या झोपली होती.

आमचं गाव चौसाळ्याच्या अलीकडं, धाराशिवला जाणाऱ्या सडकेला लागून. तिथं माझं तंबाखूचं दुकान, आणि दुकानाला लागून सटवाप्पाचं घर. मधे एकच भिंत, आणि ती इतकी पातळ की त्याला ठसका लागला की माझ्या बरण्या हलायच्या. माणूस ताडाच्या उंचीचा. त्याचा पटका एवढा लांब, की बांधायला बसला की एक टोक डोक्यावर चढेस्तोवर दुसरं टोक चौसाळ्यात असे.

निजामसरकारच्या राज्यात कुणाला कशाची पाटीलकी होती, कुणाला कशाची इनामदारी. सटवाप्पानं स्वतःच्या मनानं धर्मखातं घेतलं होतं. जगात जे जे काही आहे त्याला त्याचा धर्म नेमून द्यायचा. दार करकरलं की म्हणायचा, "करकरू द्या. तेल न घातल्याल्या दाराचा तो धर्मच हाय." एकदा त्याच्या रानात कणसं चोरताना एकाला त्यानं पकडलं. तो थरथर कापत पाया पडायला लागला, तर सटवाप्पाच खवळला. "चोराचा धर्म पळणं, आन तू पाया काय पडतोस बे? पळ!" तो पळाला. मग सटवाप्पा त्याच्या मागं शिव्या देत धावला, कारण मालकाचा धर्म तो होता. दोघांनी आपापला धर्म पाटोद्यापर्यंत निभावला म्हणतात.

मी त्याची नक्कल फार हुबेहूब करायचो. दुकानात चार माणसं जमली की घोगरा आवाज काढून "ये बे, तुझा धर्म काय?" असं म्हणायचो आणि गिऱ्हाईक हसून हसून जास्तीची तंबाखू घेऊन जायचं. सटवाप्पाला ते ठाऊक होतं. "दुकानदाराचा धर्म हाय त्यो," म्हणायचा.

पण या हौशीच्या धर्मखात्याशिवाय सटवाप्पाकडं एक खरी, पिढीजात कामगिरी होती. तो कानदेवाचा मानकरी होता.

ओढ्यापलीकडं लिंबाखाली कानदेव बसलेला. त्याचे कान खांद्यापर्यंत लोंबणारे, म्हणून नाव कानदेव. नवस बोलायचा तो त्याच्या कानात, कुजबुजत. अंगावर शेंदराची एवढी पुटं, की मूळ देव किती आणि शेंदूर किती हे देवालाही सांगता आलं नसतं. शेंदरात पितळेचे वटारलेले डोळे बसवलेले आणि खाली काजळाच्या मिशा. पोरंसोरं त्या बाजूला फिरकत नसत. चैतात जत्रा. जत्रेला बोकड. गावात वर्षभर बोकडं कापायची ती इमामभाई मुलाण्यानं. देवाचं बोकड मात्र मानकऱ्यानंच, आणि तेही त्याच्या घरातल्या पिढीजात सुरीनंच. दुसरं लोखंड बोकडाला लागलं तर देव गावावर पटकी सोडील, असा धाक. सुरी लाल फडक्यात बांधलेली असे. बोकड देवाच्या नजरेसमोर उभं करायचं, "देवा, बघतोस न्हवं?" म्हणायचं आणि मगच फडकं सोडायचं. इतर दिवशी सुरी कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाही.

बोकडही मानकऱ्याच्या घरीच वर्षभर वाढायचं. त्याची बायको कासाबाई होती तोवर ती वाढवायची. मूलबाळ नव्हतं. तिच्यामागं सटवाप्पा स्वतःच पाला आणायचा, पाणी पाजायचा. जत्रेच्या दिवशी कापायचा, हात धुवायचा आणि उपाशी घरी जायचा. "आप्पा, दोन फोडी तरी घ्या," म्हटलं तर उत्तर ठरलेलं. "मानकऱ्याचा धर्म कापणं. खाणं हा गावाचा धर्म."

माझी त्याच्याबद्दल तक्रार एकच. रोज पहाटे, कोंबड्याच्याही आधी, तो दार लावून सुरी पाजवायला बसायचा. खर्र, खर्र, खर्र. माझी सगळी चांगली स्वप्नं त्या आवाजानं मधेच कापली गेली. बायको गेल्यावर कुणी बाटली धरतो, कुणी भजन धरतो. यानं धार धरली. कासाबाई गेली त्या वर्षीची जत्रा झाली आणि दुसऱ्याच पहाटे भिंतीपलीकडं खर्र सुरू झालं. मी ओरडलो, "आप्पा, जत्रा कालच झाली की! आता वर्षभर कुणाला कापतोस?" पलीकडून उत्तर आलं, "सुरी धारंवर ठेवणं मानकऱ्याचा धर्म हाय. तू झोप."

असं कितीतरी वर्षं चाललं. मग एका उन्हाळ्यात कानदेवानं कात टाकली.

त्या साली ऊन असं होतं की विहिरीतले बेडूक दोर धरून वर येत होते. एका दुपारी लिंबाखाली धप्प आवाज झाला. शेंदराचं आख्खं कवच, पितळी डोळे आणि मिशांसकट, खाली येऊन पडलं होतं. आत वेगळाच कुणी बसलेला. काळा गुळगुळीत दगड, मांडी घातलेली, हात मांडीवर, ओठांवर हसू आहे की नाही असं. आणि डोळे मिटलेले. ज्याच्या धाकानं गाव वर्षानुवर्षं चळचळा कापत होतं तो आत निवांत बसला होता.

गाव हादरलं. पाटलांनी येऊन बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ह्यो दशावतारातला नववा दिसतो. चित्रात बी असाच गप बसल्याला असतो."

गप्प देव कुणालाच नको होता. पण नवीन शेंदूर कोण लावणार यावर भाऊबंदकी सुरू झाली आणि देव तसाच राहिला. जत्रा तोंडावर आली, आणि अशात सडकेनं एक पिवळ्या वस्त्रातला गोसावी आला.

तो लंकेचा. वेरूळची लेणी बघून धाराशिवच्या लेण्यांकडं पायी निघालेला. डोकं तुळतुळीत, हातात वाडगा, पायांना वाटेवरच्या सगळ्या गावांची धूळ. लिंबाखाली आला, देव बघितला आणि जमिनीवर आडवाच झाला. उठला तेव्हा डोळ्यांत पाणी. तेवढ्यात त्याला बाजूला बांधलेलं बोकड दिसलं. हे कशाला, असं त्यानं मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं. इमामभाईनं सरळ सांगितलं, गळ्यावरून बोट फिरवून. गोसावी आधी समजला नाही. समजला तेव्हा पार हसायलाच लागला. हसून झाल्यावर म्हणाला, "ज्यानं मुंगीलाही दुखवू नका म्हणून सांगितलं, त्याच्यापुढं तुम्ही बोकड कापता?"

मग सटवाप्पा पुढं झाला. धर्माचा विषय आणि दुसरंच कुणी बोलतंय हे त्याला सोसण्यासारखं नव्हतं.

"इमामभाई, सांगा त्येला," तो म्हणाला. "इस्तवाचा धर्म पोळणं. पाण्याचा धर्म भिजवणं. मानकऱ्याचा धर्म बोकड कापणं. माझ्या आज्याचा होता, बापाचा होता, मला जन्मासंगं आला. त्यो सोडला तर मी कोण?"

इमामभाईनं उलथापालथ करून ते सांगितलं. गोसावी देवाकडं बोट करून म्हणाला, "हा राजाचा मुलगा. राज्य करणं याच्या जन्मासोबत आलं होतं. सोडून गेला."

"मंग चुकलं त्येचं," सटवाप्पा म्हणाला.

देवाच्या तोंडावर देव चुकला म्हणणारा माणूस मी तो एकच बघितला. बायकांनी पोरं घट्ट धरली. देवानं काही केलं नाही. त्याचे डोळे मिटलेले होते.

गोसावी म्हणाला, धर्म जन्मावरून वाटलेला नसतो. राजाला, मानकऱ्याला, साऱ्यांना एकच. ज्याला दुसऱ्याचं दुःख कळतं त्यानं ते वाढवू नये.

"समद्यांना एकच?" सटवाप्पाला गंमत वाटली. "हत्तीला आन मुंगीला एकाच मापाचा अंगरखा शिवता व्हय? आन बोकडाचा धर्म काय मंग? मरणं."

"बोकडाला विचारलंत?"

आता गाव हसलं. सटवाप्पाही हसला असता, पण गोसावी त्याच्याकडं बघत सावकाश बोलला आणि इमामभाईनं ते शब्द जसेच्या तसे आपल्या बोलीत पुढं केले. "आग कू मालूम नै के वो जलाती. पानी कू मालूम नै के वो भिगाता. तुम कू मालूम है."

सटवाप्पानं तोंड उघडलं. तसंच राहू दिलं. मग मिटलं. गावातली कुत्री भुंकायची थांबली, ओढ्याचं पाणी वाहायचं थांबलं. चैतात ओढा कोरडाच असतो, पण त्या दिवशी तो जास्त थांबला. सटवाप्पाला उत्तर सुचलं नाही असं आमच्या गावात आधी कधी घडलेलं नव्हतं.

गोसावी सकाळी निघून गेला. जाताना त्यानं बोकडाचं नाव विचारलं. सटवाप्पा म्हणाला, "कापायच्या जनावराला नाव ठेवत न्हाईत, महाराज."

जत्रेच्या दिवशी चुली पेटल्या. मसाल्याच्या वासानं बीडची कचेरी शिंकत होती. सटवाप्पाचा पुतण्या केरबा कांदा चिरून तयार. त्याला मटण एवढं प्यारं की झोपेत उशी चावायचा. हलगी कडाडली. सटवाप्पा बोकड घेऊन देवासमोर उभा राहिला. हातात लाल फडक्यातली सुरी. म्हणाला, "देवा, बघतोस न्हवं?"

आणि थांबला.

हलगीवाला वाजवून वाजवून दमला. बोकडानं गळ्यातली झेंडूची माळ खाल्ली. पाटील ओरडले, "काप की बे आता!"

"देव बघंना," सटवाप्पा म्हणाला. "नजरंसमोर कापायचं असा रिवाज हाय. नजर न्हाई. डोळं उघडलं की कापतो."

"दगडाचं डोळं कुठं उघडतेत का?"

"मंग दगडाला बोकड कावून पायजे, पाटील?"

केरबा म्हणाला, "चांदीचं डोळं करून बसवू."

"निजलेल्या माणसाच्या पापणीवर दुसरं डोळं चिकटवशील? आन मंग त्यो जागा झाल्यावर काय दिसंल त्येला? तुझं कांदं?"

पाटील इमामभाईकडं वळले. "तुमी कापा हो. सुरी घ्या त्याच्या हातातली."

इमामभाईनं कानाला हात लावले. "तौबा! मान सटवाप्पाचा. दुसऱ्याच्या मानाला हात लावना, ये मेरे धरम में नै."

सूर्य मावळेपर्यंत सटवाप्पा सुरी हातात धरून तसाच उभा होता. मावळला तसा तो बोकड घेऊन घरी गेला. गावानं मसाला घालून वांगी खाल्ली.

आता पटकी येणार म्हणून लोक वाट बघत बसले. आली नाही. पाऊस पडला, नेहमीसारखाच, म्हणजे पुरेसा नाही. पाटलांचं पोट बिघडलं, पण ते वांग्यांनी. चिडून त्यांनी दौऱ्यावर आलेल्या तहसीलदारसाहेबांपुढं फिर्याद नेली, की या माणसाचा मान काढून केरबाला द्यावा. साहेब तंबूत पान खात होते. एवढंच म्हणाले, "मानकऱ्यानं काम करायला इन्कार केला का?"

"न्हाई सरकार," सटवाप्पा म्हणाला. "सुरी रोज पाजवतो. शेजाऱ्याला इचारा."

मला विचारलं. मी म्हटलं, रोज पाजवतो, सरकार, मी साक्षीदार आहे आणि माझी झोप पण. साहेबांनी निकाल दिला: इन्कार नाही, तर मान कायम.

त्यानंतर दर चैताला तोच खेळ. तेच बोकड, तेच "देवा, बघतोस न्हवं?", तीच दिवसभराची उभी तपश्चर्या. परगावची माणसं कापलं जाणारं बोकड बघायला येण्याऐवजी न कापलं जाणारं बोकड बघायला यायला लागली. जत्रा वाढली. माझी तंबाखूही खपली. कुणीतरी बोकडाला धर्मराज म्हणायला लागलं आणि तेच नाव पडलं. धर्मराज माजला, वाढला, त्याची दाढी जमिनीला टेकली. त्याचा वास आला की तुळजापूरच्या देवळातले भोपे अगरबत्ती लावायचे. सटवाप्पा जाईल तिथं तो मागं. पुढं ताडासारखा माणूस, मागं दाढीवालं बोकड; दुरून कुणाला वाटे, कुणी महाराज शिष्याला घेऊन चाललेत. फक्त शिष्य कोण ते ठरवावं लागे.

पण म्हातारपण दोघांनाही आलं. केरबा आता उघडच म्हणायचा, "काका किती दिस पुरणार? मान माझ्याकडंच येणार हाय. डोळं बसवायला सोनार बघून ठेवलाय." सटवाप्पाला ते ऐकू यायचं. पहाटेची खर्र जास्त वेळ चालायला लागली. मला वाटलं, म्हातारा चवताळलाय.

एका दुपारी तो माझ्या दुकानाच्या फळीवर येऊन बसला. धर्मराज त्याच्या पायाशी. मी सहज म्हणालो, "आप्पा, तो लंकेचा गोसावी आला नसता तर हे धर्मराज कधीच गावाच्या पोटात गेलं असतं."

त्यानं चिमूटभर तंबाखू मळली.

"कासी गेली न्हवं," तो म्हणाला, "त्या साली बोकड तिनंच वाढवल्यालं होतं. जत्रंच्या दिशी मी हाक मारली तर येईना. गोठ्यात कोपऱ्यात घुसून उभं. दावं लावून वढावं तर रिवाज न्हाई, देवाकडं बोकड आपल्या पायानं गेलं पायजे. समदं गाव खोळंबल्यालं." त्यानं तंबाखू तोंडात टाकली. "मंग मी कासीच्या आवाजात हाक मारली."

"आलं बे ते," सटवाप्पा म्हणाला. "पळत आलं."

मग तो उठला, माझ्या तागडीकडं बोट दाखवून म्हणाला, "हिचा धर्म काय माहितीय का? तुझ्या अंगठ्याखाली दबणं," आणि स्वतःच हसत घरी गेला. मागं धर्मराज.

त्याच पावसाळ्यात सटवाप्पा गेला. झोपेतच गेला, त्या पहाटे मला उशिरा जाग आली, त्यावरून मला आधी कळलं.

तेराव्याला केरबा मान घ्यायला आला. सोबत पाटील, इमामभाई, शेजारी म्हणून मी. चैत लांब होता, पण केरबाला सुरी आजच ताब्यात हवी होती. भिंतीतल्या देवळीतून त्यानं लाल फडक्यातली पुडी काढली, कपाळाला लावली. सुरी जत्रेशिवाय उघडायची नसते असं पाटील पुटपुटले, पण त्यांनाही बघायचीच होती. केरबानं फडकं सोडलं.

आत पितळी मूठ होती. मुठीला केरसुणीच्या काडीएवढं काहीतरी चिकटलेलं. केरबानं ते उजेडात धरलं. एवढंच राहिलं होतं पात्यातून. फुंकर मारली तर हललं असतं.

"दुसरी सुरी करू," केरबा म्हणाला. दुसरं लोखंड चालत नाही हे त्याच्याच घराण्यानं गावाला पिढ्यानपिढ्या सांगितलेलं होतं.

पाटलांच्या कपाळाची शीर उडत होती. "त्या लंकेच्या गोसाव्यानं बिघडवलं सटवाप्पाला," ते म्हणाले. "त्येनंच शिकवलं आसंल ह्ये."

मी म्हणालो, "न्हाई, पाटील. हा आवाज त्याच्या लई आधीपासून हाय. कासाबाई गेली त्या जत्रेच्या दुसऱ्या दिवसापासून."

इमामभाईनं ती मूठ हातात घेतली, तळहातावर ठेवली. "छोड नै सकता था," तो म्हणाला. "तोड नै सकता था. घिसता रहा."

मग माणसं पांगली. धर्मराज घरात होता, मागच्या कोपऱ्यात भिंतीला अंग लावून. आप्पा गेल्यापासून तो बाहेर आला नव्हता, आणि आत कुणी गेलं की शिंगं रोखायचा. पाला तसाच वाळलेला. केरबानं हाक मारली, शिव्या दिल्या आणि निघून गेला. इमामभाईनं गूळ दाखवला. बोकड हललं नाही. दारात मी एकटा उरलो.

उंबऱ्याच्या आत सुरी पाजवायचा दगड होता. घासून घासून त्याला परातीएवढा खोलगट आकार आलेला. मी रांजणातून तांब्याभर पाणी आणून त्यात ओतलं. ते राहिलं.

मग मी आवाज घोगरा केला. दुकानात करायचो तसाच, हुबेहूब.

"ये बे," मी म्हणालो.

धर्मराजानं मान वर केली. म्हातारं जनावर, गुडघे धड वळत नव्हते, पण आलं. पळत आलं. माझ्यासमोर थांबलं, माझ्याकडं नीट बघितलं. मग दगडावर वाकून पाणी प्यायला लागलं.